बाजेखालचा डबा

दिवाळी होऊन गेली का आमच्या सिंदीच्या रस्त्यानं बाभळीले कापूस लागते. झाडाले नाई, काट्याले. कापसाच्या गाड्या उभ्या भरून जिनिंगवर जातेत, वरतून बांधलेली गोणपाटाची फारी ढिली होते, अन् जाता जाता बाभळी आपला वाटा ओढून घेतेत. लहानपणी मी तो कापूस काढून चिंधीच्या बाहुलीची उशी भरो. आता हात वर नेला तं खांद्यात कळ येते. पाह्यते अन् पुढं जाते.

यंदा बी जिनिंग सुरू झालं. आमचं घर रुळापासून दोन गल्ल्या आत अन् जिनिंगच्या भिंतीच्या मांगं. मशीन सुरू झाली का घराच्या भिंतीत बारीक गुणगुण येते. मांडणीवरच्या ताटाले बोट लावलं तं ताट थरथरते. इतके वर्षं झाले, आता ती सुरू असली का समजत नाई, बंद पडली का समजते. माह्या आंगातला थकवा बी तसाच हाय. सुरूच असते, म्हून दिसत नाई. एखाद्या दुपारी आंग टाकलं अन् घडीभर तो गेला, का मंग वाटते, अरे, इतका होता काय हा?

मशीन सुरू झाली का मले तीन वर्षांमांगची वेचणी आठवते. ती माही शेवटची वेचणी. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्यानं नाई म्हटलं. त्या वर्षी मात्र मी रोज जाओ. पाहाटेचं दव पऱ्हाटीवर असे, लुगडं मांडीपर्यंत ओलं होये, अन् बोंडाचे टोकं नखाच्या बुडाशी टोचत. कमरेले बांधलेली ओटी भरली का आम्ही साऱ्या बाया पोटुशीसारख्या चालो. साठ वर्षांची बाई बी पोटुशी, सोळा वर्षांची पोरगी बी पोटुशी. कांताबाई म्हणे, "चला वं, आपापले पोट्टे धुऱ्यावर ठेवा." वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, गाठोडं सोडलं का पोट एकदम रिकामं लागे.

कांताबाई आमची शेजारीण. तिची जीभ कैचीवानी चालते. तिचं बोलणं मनावर घेतलं असतं तं मी केव्हाच गाव सोडलं असतं. पण रोज बोलाले तीच हाय, म्हून सहन करते. दिवसा घरात तं बोलाले कोणी उरलंच नोहतं.

घरात आमचा बुढा, माहा नवरा, होता. म्हंजे हायच. पण त्याचे कान गेले होते.

तीस वर्षं त्यानं जिनिंगमध्ये मशीनीच्या तोंडापाशी काढले. कापूस आत ढकलाचा, सरकी एकीकडं, रुई एकीकडं. आवाज असा का बाजूच्या माणसाले सांगाचं असलं तं इशाऱ्यानं सांगा लागे. कानात कापसाचे बोळे कोंबून जाये. घरी आला का मी चिमटीनं ते बोळे ओढून काढो. मळ अन् धूळ लागून काळे झालेले राहत. काढल्यावर बी तो तसाच मोठ्यानं बोले, पोट्टे हासत. "बाबा, आम्ही इथंच हाओ!"

कान काही एका दिवशी नाई गेले. आधी पाखरं गेली. मंग सायकलीची घंटी गेली. मंग बाया गेल्या, त्यांचा बारीक आवाज त्याले ऐकू येईना. मंग पोट्टे. घरातल्यांत मी शेवटी गेली, कारण मी ओरडो. जाड्या आवाजाचे माणसं अजून काही वर्षं राह्यले, मंग ते बी गेले. दवाखान्यात नेलं, कानात लावाची मशीन देल्ली. ती लावली का त्याले नुसती शिटी येये. काढून फेकली.

तो ढोलक वाजवे. हे मी आधीच सांगाले पाह्यजे होतं, पण सांगाले बी नको वाटते. आमच्या मोहल्ल्यात गाण्याची पार्टी होती. जयंती आली का विहारापुढं सतरंजी टाकत अन् रात रात गाणं चाले. पेटी होती, खंजिरी होती, गाणारे दोघं होते. पण माणसं पाहाले येत ते ह्याच्या डाव्या हाताले. ढोलकीची उजवी बाजू टणटण बोलते, ती कोणालेबी जमते. डावी बाजू जाडी. तिच्यावर हा हाताचं मनगट घासून असा आवाज काढे का पोटात काही तरी हालल्यावानी होये. मी चुलीपाशी असली तरी मले समजे, आता ह्यानं मनगट घासलं.

एका वर्षी पार्टीले बाहीरगावचे लय बोलावणे आले. पेटीवाले मामा घरी आले. ओट्यावर बसून म्हणे, "वैनी, ह्याले मशीनीतून सोडवा. दोन-तीन महिने फिरू, नाव होईन." बुढा माह्याकडं पाहात राह्यला. मी चहा गाळत होती. मी म्हणली, "गाणं ऐकून पोट्टे झोपतीन मामा, पण सकाळी उठल्यावर खाले मागतीन." मामा हासले. बुढा बी हासला. चहा पेले अन् गेले. बस, एवढंच झालं. भांडण नाई, रडणं नाई. जिनिंगची पाळी कधी चुकवू देल्ली नाई मी त्याले. त्यासाठी मले कोणी वाईट म्हटलं नाई, तो बी नाई. म्हटलं असतं तं बरं झालं असतं.

कान गेल्यावर तो पार्टीत बसला, पण आवाज समजत नाई म्हून जोरात वाजवे. नवे पोरं त्याच्या मांडीवर हात ठेवून इशारा करत, हळू, बाबा, हळू. दोनदा केला इशारा. तिसऱ्यांदा तो गेलाच नाई. ढोलक विहारात देऊन आला. तवापासून बोलणं बी कमी झालं. जेवाले बसला का ताटाकडं पाह्ये, पाणी पाह्यजे असलं का गिलास उचलून दाखवे. दिवसभर बाजेवर, पाय खाली सोडून. मले वाटे, हा बाहीर गेला अन् आंग घरीच विसरला.

एकच गोष्ट तो आपणहून बोले. रुळावरून मालगाडी गेली का म्हणे, "मालगाडी." थोडं थांबून म्हणे, "भरलेली हाय." नाई तं म्हणे, "रिकामी."

मले त्याचं काही नोहतं वाटलं. मंगलाले वाटलं.

मंगला आमची पोरगी. नवऱ्याचं घर सुटलं तवा एक पेटी अन् पेचकस-पक्कडीची थैली घेऊन आली. कपडे कमी, पेचकस जास्त. लग्नाआधी आयटीआय केलतं, ते कामी आलं. बाजारातल्या एका दुकानात बसते, मिक्सर, प्रेस, टीव्ही दुरुस्त करते. आधी लोक तिच्या हातात वस्तू देऊन मालकाकडं पाह्यत. आता तिलेच विचारत येतेत.

ती म्हणे, "आई, बाबाले भरलेली अन् रिकामी कशी समजते?"

"पायानं समजत अशीन. जमीन हालते ना."

"तेच तं. बाबाले खालचा आवाज अजून येते. कानानं नाई, आंगानं. बेस म्हंतेत त्याले. वरचे सारे गेले, बेस हाय."

मी सरकी वेचत होती. मी म्हणली, "मंग? त्याले मालगाडीत बसवतं काय?"

"त्याच्या ढोलकीची कॅसेट हाय ना, कपड्याच्या पेटीत?"

होती. पार्टीतल्या एका पोरानं टेपरेकॉर्डर आणलता कधी तरी, तवाची. बुढ्यानंच ती जुन्या रुमालात गुंडाळून पेटीच्या बुडाशी ठेवलती. वाजवाले आमच्याकडं कधी टेप नोहताच. मंगलानं ती वर्ध्याच्या एका दुकानदाराकडून मोबाइलमध्ये भरून आणली. दोन मिनिटं ऐकली अन् तोंड वाकडं केलं. "टणटण ऐकू येते, बाबाचा डावा हात दबलेला हाय. टेपच हलका होता. जेवढं हाय तेवढं खालून उपसून काढा लागन."

मी म्हणली, "विहिरीवानी?"

"विहिरीवानीच."

भंगारात आलेल्या कोण्या होम थेटरचा मोठा स्पीकर तिनं दुकानातून आणला. मोडक्या कपाटाच्या फळ्या घेतल्या. पहिला डबा झाला तो आपल्या पिठाच्या डब्याएवढा. बाजेखाली ठेवला, वाजवला. टिनावर कोणी थापा मारून राह्यलं असं वाटे. बुढा वाकून पाह्ये, पोरगी पोटावर झोपून बाजेखाली काय करून राह्यली.

"काय हरपलं वं?" असं मोठ्यानं विचारे.

कांताबाई दारात उभी. "मंगलाची माय, यंदा लग्नाचा डीजे काढतं काय? आमच्या गोठ्यातली बकरी तं आतापासूनच नाचते."

"बकरीले पाठवजो," मंगला आतून म्हणे. "फुकट ऐकवतो."

"काऊन नाई जमलं?" मी पोरीले विचारलं.

"डबा लहान हाय. आवाजाले पसरायले जागा नाई."

हे मले समजलं. लोट्याच्या तोंडावर फुंकलं तं शिटी येते, घागरीच्या तोंडावर फुंकलं तं घुम्म येते. मी तिले दोन्ही फुंकून दाखवलं. ती माह्याकडं पाहात राह्यली. म्हणे, "आई, लोकं हेच शिकाले पैसे भरतेत." मंग तिनं दुसरा डबा केला, बकरीचं पिल्लू बसन एवढा. त्याले एका आंगानं भोक पाडून पाण्याच्या पाइपाचा तुकडा बसवला. पाइप जेवढा लांब तेवढा आवाज खाली उतरते म्हणे. फळ्यांच्या सांदी मीच बुजवल्या. धान्याची कोठी मी जशी लिंपते, हवेचा धागा जाऊ नाई असं, तसं चिंध्या अन् कणकेची खळ लावून. पोरगी म्हणे, आतून काही मऊ भरा लागते, शहरात त्याच्यासाठी पांढरा धागा भेटते.

मी म्हणली, "पांढरा धागा? आपण सिंदीत राह्यतो बाई."

अन् तिथंच मी गोंधळ केला. मले वाटलं, खालचा आवाज म्हंजे जड आवाज. जड आवाजाले जड कापूस पाह्यजे. मी वावरातून आणलेला कापूस सरकीसकट भरला. सरकीनं वजन येईन म्हून. अन् भरला तो बी कसा, जिनिंगची गाडी भरावी तसा, पाय देऊन, ठासून. जनम गेला माहा कापसात. पण तो डब्यात भराचा नोहता माहीत.

वाजवला तं आवाजच मेला. अन् जेवढा होता त्याच्यात सरकी खुळखुळे, खंजिरी वाजवल्यावानी. मंगला थकलेली होती, म्हणे उद्या पाहू. उद्याचा परवा झाला, तिले ताप आला, चार दिवस डबा तसाच बाजेखाली पडला. पाचव्या दिवशी तिनं स्पीकर काढला अन् माह्यापुढं धरला. स्पीकरचा कागद अर्धा कुरतडलेला. पाइपातून उंदरीण आत गेलती. सरकी खाल्ली, माही कणीक खाल्ली, मंग कागद खाल्ला, अन् कापसात आठ पिल्लं घातले. गुलाबी, बोटाच्या पेराएवढे, डोळे मिटलेले.

मंगला भुईवर बसली. मले वाटलं रडते. हासत होती. मंग रडली बी. मी ते पिल्लं सुपात घेऊन बाभळीच्या बुडाशी ठेवून आली. कांताबाईनं पाह्यलंच. "अवं, तुमचा बाजा व्याला काय?"

मले राग नाई आला. हासू बी नाई आलं. वेचणीवरून आल्यावर माणसाजवळ राग अन् हासू दोन्हीले ताकद नसते. मी भिंतीले टेकून बसली अन् इतकंच वाटलं का आता पुरे. बुढा तसाही बसलाच हाय, बसू दे. काय होईन त्या थापेनं? पोटात हालन, अन् मंग? आम्हाले जे कराचं होतं ते केव्हाच करून झालं.

पण मंगलाचं तसं नोहतं. ती नागपूरले जाऊन स्पीकरले नवा कागद बसवून आली. मले म्हणे, "सरकी काढून दे."

आठ दिवस मी दुपारी ओट्यावर बसून हातानं सरकी काढली. मंग कापूस बोटानं उलगडला, पिंजून धुक्यावानी केला. ह्या वेळी ठासला नाई. गादीचं तेच असते ना, ठासली का दगड होते, सैल भरली का आंग आत घेते. मंगला म्हणे, आवाज बी तसाच हाय, त्याले सैल कापसात फसवा लागते, त्याले वाटते डबा लय मोठा हाय. पाइपाच्या तोंडाले जाळी ठोकली. डबा कोपऱ्यात, बाजेच्या डोक्याकडच्या पायाले टेकवून ठेवला. कोपऱ्यात दोन भिंती मिळून आवाज वाढवतेत.

त्या दिवशी दुपारी तिनं बटन दाबलं. गाणं अजून लावलंच नोहतं. डब्यातून नुसता एक जाडा गुणगुणाट निघाला, हूं करून, थांबेचना. मांडणीवरचे ताट बोलाले लागले. मी म्हणली, "अवं, हे तं उतरलं खाली!"

बुढा बाजेवर होता. त्यानं दोन्ही हात बाजेच्या लाकडावर ठेवले. उभा राह्यला. खुंटीवरचा दुपट्टा काढून डोक्याले बांधला. मंग खाली माहा उरलेला कापूस पडला होता, तो उचलून त्यानं दोन बोळे वळले अन् दोन्ही कानात घातले. चप्पल शोधाले लागला.

"मशीन सुरू झाली," तो म्हणे. "पाळी हाय माही. भाकरीचा डबा दे."

मी त्याचा हात धरला. तो सोडवून घेये. मले उशीर होते, म्हणे. मी ओरडली, "बंद कर ते! बंद कर वं मंगले!" तिनं वायर उपसली. ताट गप झाले. बुढा दारात उभा राह्यला. बाहीर पाह्यलं, आमच्याकडं पाह्यलं, अन् हळूच कानातले बोळे काढून मुठीत लपवले. चूक झालेल्या पोरावानी.

मी मंगलाले नाई नाई ते बोलली. काऊन त्याले छळून राह्यली, म्हणली. तो विसरला होता, त्याले पुन्हा त्या मशीनीवर नेऊन उभं केलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "आई, मशीनीवर त्याले मी नाई उभं केलं."

पोरीनं हे ठरवून म्हटलं का तोंडातून गेलं, मले ठाऊक नाई. तिनं लगेच खाली पाह्यलं. मी आत गेली अन् भाकरी थापाले लागली. पीठ नोहतं, तरी परात घेऊन बसली.

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. दूध घे, दार लाव. बुढ्याले काही समजत नोहतं, पण तो माह्याकडं पाह्ये, तिच्याकडं पाह्ये. चौथ्या दिवशी मी वावरातून आली तं मंगला मोरीच्या मांगं खड्डा खोदून राह्यली होती. म्हणे, तो गुणगुणाट गाण्याचा नोहता, लाइटीच्या लाइनीचा होता. घराले अर्थिंग नाई, म्हून डब्यात लाइनच बोलत होती. तिनं लोखंडाची सळाख पुरली, कोळसा अन् मीठ टाकलं.

मी उभी राह्यली. मंग घागर आणली अन् खड्ड्यात पाणी ओतलं.

"अजून ओत," ती म्हणे.

"किती पेते हे?"

"पेऊ दे. बाबाच्या मशीनीले गप कराचं हाय."

इतवार होता. दुपारची चांगली उन्हं घरात आली होती. वेचणी सरत आलती, झाडाले शेवटची उरलीसुरली फरदड राह्यली होती. मंगलानं बटन दाबलं. काहीच आवाज नाई. मी म्हणली, बिघडलं. ती म्हणे, "नाई, हेच पाह्यजे. गप हाय म्हंजे साफ हाय." मंग मोबाइलवर गाणं लावलं.

पेटी ऐकू आली, लहानशी, दूरची. खंजिरी. गाणाऱ्याचा आवाज. आता तो माणूस बी नाई. अन् मंग बाजेखालून, जमिनीतून, धुम्म. मंग घासलेलं मनगट. इतक्या वर्षांनी मले ते चुलीपाशी नाई, तळपायाले समजलं. मी भिंत धरली.

बुढा बसून होता. आधी त्यानं दाराकडं पाह्यलं. मले वाटलं, झालं, आता पुन्हा चप्पल शोधते. मंगलाचा हात वायरीवरच होता. त्यानं डावा हात बाजेच्या लाकडावर ठेवला. तसाच ठेवला, लय वेळ. मंग वाकला अन् हात खाली नेऊन सरळ डब्यावर टेकवला. तोंडावर काही नाई. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यत होती, मंगला हाताकडं पाह्यत होती, म्हून तिलेच आधी दिसलं. ती मले कोपरानं ढोसे. "आई, पाह्य. बोटं."

त्याचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हालून राह्यली होती. थाप झाल्यावर नाई, थाप व्हाच्या आधी. त्याले पुढची माहीत होती. मांडीवर बोट पडे अन् मंग डबा बोले. मंग पुन्हा बोट, पुन्हा डबा. मंगला हळू आवाजात म्हणे, "येते त्याले. आई, येते." जसं काही तो ऐकन म्हून ती हळू बोलत होती.

दोन मिनिटं झाले, चार झाले. डबा जमवताना आम्ही दरवेळी सुरुवातच वाजवलती, त्याच्या पुढं ती कॅसेट आम्ही कोणीच ऐकली नोहती. गाणं चढलं. मांडीवरची बोटं बी जोरात पडाले लागली. मले वाटलं, हासते काय हा? ओठ जरा फाकले होते.

अन् तवाच त्या मोबाइलमधून, पेटीच्या मांगून, एका बाईचा आवाज आला. कडक, धारदार. "आवो! भोंगा झाला ना! पाळी हाय, उठा!"

मंगलानं माह्याकडं पाह्यलं. मी तो आवाज ओळखला नाई. खरं सांगते, एक घडी नाई ओळखला. मले वाटलं, कोण बाई हाय ही, भर गाण्यात? मंग ओळखला. किती ताकद होती माह्या आवाजात तवा. ढोलकीची एक थाप चुकली. मधात खड्डा पडल्यावानी झालं. मंग दोन थापा आल्या, घाईच्या, अन् थांबल्या. गाणारा मात्र गातच होता.

बुढ्याले माहा आवाज ऐकू येणं शक्यच नोहतं. पण त्याचं बोट मांडीच्या वर तसंच थांबलं. हवेत.

"इथं चुकलो मी," तो म्हणे. त्याच्या त्या मोठ्या आवाजात, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं. "तू हाक देल्ली होती."

मी मान हालवली. दुसरं काय करू? मी त्याच्यापुढं खाली बसली, गुडघ्यातून कळ गेली, अन् त्याच्या मांडीवर हात ठेवला, जिथं बोट पडत होतं तिथं. मले काही म्हणाचं होतं, पण त्याले ऐकू येत नाई अन् मले इतकं लिहिता येत नाई. तो माह्याकडं पाह्यत होता. डोळ्यात राग शोधला मी. नोहता. कधीच नोहता, हेच तं जड जाते.

डब्यात पुन्हा ढोलक सुरू झाली. कोणी तरी तिथं बसलं अशीन ह्याच्या जागी, गाणं पुरं कराले. मंगला म्हणे, "बाबा, हात द्या ना, पुढं बी हाय, पाह्या." अन् त्याचा हात धरून पुन्हा डब्यावर ठेवला.

बुढ्यानं दोन थापा घेतल्या हातावर. मंग हात उचलला अन् माह्या हातावर ठेवला.

"पुढचा मी नोहो," तो म्हणे. "मी तं कामावर गेलो."